ब्रेक सुटता सुटेना

गाडीचा ब्रेक लागत नाही, ही तक्रार सगळ्यांना समजते. ऐकणारा गंभीर होतो, कोणीतरी "बाप रे" म्हणतं, घाटात ब्रेक फेल झालेल्या कुठल्यातरी ट्रकची गोष्ट निघते आणि सांगणाऱ्याला निदान अर्धा कप चहा जास्त मिळतो. आता गाडीचा ब्रेक सुटत नाही, असं सांगून पाहा. समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "मग बरंच आहे की!" ब्रेक लागण्यासाठीच असतो, तो लागतो म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे फारशी सहानुभूती नाही.

त्यामुळे मागच्या चाकाचा चिकटलेला ब्रेक महिनोन्महिने सुखाने नांदतो. इंजिन तापलं तर काटा चढतो. पुढचे ब्रेकपॅड झिजले तर किंचाळतात. दार नीट लागलं नाही तरी हल्लीच्या गाड्या टुणटुण करून जीव खातात. मागचा ब्रेक धरून बसला तर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. हँडब्रेकचा एक लाल दिवा असतो खरा, पण त्याची नजर फक्त दांड्यावर. दांडा खाली आला की तो विझतो. मागे चाकात शू सुटले की तसेच बसलेत, ही चौकशी त्याच्या अखत्यारीत येत नाही.

पहिला संशय जातो पेट्रोलपंपावर. गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की माणूस आधी पंप बदलतो, मग टायरची हवा बघतो, मग एसीवर घसरतो आणि शेवटी डिकी उघडतो. आमच्या मेहुण्यांनी डिकीतून दोन घडीच्या खुर्च्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि गेल्या गणपतीतलं थर्माकोल बाहेर काढलं. तरीही गाडी जडच चालते म्हटल्यावर त्यांची नजर स्टेपनीकडे वळली. "नुसतं वजन आहे हो, दाजी. कधी लागते ती?" मी त्यांना आवरलं. चढावर गाडी न्यूट्रलला टाकली तरी मागे घरंगळत नव्हती. याचा अर्थ त्यांच्या मते गाडी समतोल होती.

ही मेहुण्यांची गाडी म्हणजे या लेखातला रुग्ण. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही हात नव्हता आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची तऱ्हा एकच असते: पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचेच करतात. मागच्यांना काम कमी, म्हणून स्वस्तातला ड्रम. शिवाय ड्रमला हँडब्रेक बसवणं सोपं. काम कमी असल्यामुळे त्यांच्याकडे लक्षही कमी. सर्व्हिसिंगला गाडी दिली की पुढचे पॅड किती राहिले ते टक्केवारीत लिहून येतं. मागच्या रकान्यात नुसती बरोबरची खूण असते, आणि ती खूण करणाऱ्याने ड्रम उघडला होता का, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

इतिहासाने तरी ड्रमला न्याय द्यायला हवा होता. फ्रान्समध्ये लुई रेनॉने आधुनिक ड्रमब्रेक रूढ केला तो १९०२ साली, आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कचं पेटंट घेतलं तेही १९०२ सालीच. दोघे एकाच वर्गातले. निम्मं शतक ड्रमची चलती होती. मग १९५३ साली जॅग्वारने डिस्कब्रेक लावलेल्या गाड्यांनी ल मान्सची शर्यत मारली, आणि हळूहळू ड्रमची रवानगी मागच्या चाकांत झाली. तिथे तो आजतागायत आहे, धूळ खात. हे अगदी शब्दशः.

आतली रचना थोडी सांगावी लागेल, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धचंद्राकृती शू उभे असतात, त्यांच्या पाठीवर लायनर. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून मागे जातं, चाकातल्या छोट्या सिलिंडरचे पिस्टन दोन्ही बाजूंना सरकतात आणि शू ड्रमला आतून जाऊन भिडतात. पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केला तो यासाठी, हे शाळेत सांगितलं असतं तर जास्त मार्क पडले असते. हँडब्रेक तेलाच्या भानगडीत पडत नाही. त्याची एक पोलादी वायर गाडीच्या पोटाखालून, नळकांड्यातून, मागे जाते आणि एक पट्टी ओढून तेच शू फाकवते. म्हणजे धरण्यासाठी दोन स्वतंत्र व्यवस्था: पाय आणि हात, तेल आणि पोलाद. आणि सोडण्यासाठी? दोन-तीन स्प्रिंगा. पिस्टनला मागे ओढणारं कोणी नाही, तेलाला परत बोलावणारं कोणी नाही. स्प्रिंगांनी शू आत खेचावेत, शूंनी पिस्टन रेटावेत, तेलाने निमूट परत जावं आणि वायरीने आपण होऊन सैल व्हावं, असा सगळा भरवशाचा मामला.

ट्रकवाल्यांचं याच्या अगदी उलट. मोठ्या ट्रकचा आणि बसचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगेने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. हवा गेली की गाडी जागची हलत नाही. तिथे सोडणं हे कष्टाचं काम मानलेलं आहे, त्यासाठी कॉम्प्रेसर आहे, टाक्या आहेत, डॅशबोर्डवर काटा आहे. मोटारवाल्याला मात्र धरायचं कसं एवढंच शिकवलेलं असतं.

तर पावसाळा संपल्यावर मेहुणे सहकुटुंब ताम्हिणी उतरून कोकणात निघाले आणि घाट संपल्यावर चहाला थांबले. जळका वास आला. उग्र, किंचित गोडसर, घशाशी रेंगाळणारा; लायनरचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो, पण पहिल्या वेळी प्रत्येक जण तो दुसऱ्याच्या गाडीचा समजतो. मेहुण्यांनी शेजारच्या टेम्पोकडे रागाने पाहिलं. टेम्पोवाल्याने मेहुण्यांच्या डाव्या मागच्या चाकाकडे बोट केलं. त्यातून धूर निघत होता.

अशा वेळी महाराष्ट्रात कुठेही एक माणूस पाण्याची बाटली घेऊन धावत येतो. तो हॉटेलातून येतो, एसटीतून उतरतो, कधी शेतातून येतो, पण येतोच, आणि त्याला ते पाणी चाकावर ओतायचं असतं. त्याला थांबवणं फार अवघड असतं, कारण त्याचा हेतू चांगला असतो. ड्रम ओतीव लोखंडाचा. लाल होण्याच्या बेतात असताना त्यावर गार पाणी पडलं तर तो वाकतो, प्रसंगी तडकतो. टेम्पोवाल्याने बाटली अधांतरीच पकडली आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं. या प्रसंगातला एवढाच शहाणा निर्णय.

पुढचा निर्णय मेहुण्यांचा. गाडी उतारावर होती, म्हणून त्यांनी हँडब्रेक ओढला. ते हँडब्रेक ओढतात तेव्हा शेवटचा टक्क ऐकू येईपर्यंत थांबत नाहीत, आणि ऐकू आल्यावरही खात्रीसाठी एक हिसका देतात. तापलेला ड्रम फुगलेला असतो. फुगलेल्या ड्रमला शू घट्ट दाबून ठेवले की निवताना तो आकसतो आणि शूंना आणखी आवळतो. तिकडे भजी तळून होईपर्यंत इकडे ब्रेक पुरता बसला.

उष्णतेचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. साठच्या वेगाने चाललेली एक टनाची गाडी थांबवायची म्हणजे सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जेचं ब्रेकमध्ये उष्णतेत रूपांतर करायचं. एवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येतं. चार माणसांचा चहा. तीच गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते ती अशी पस्तीस वेळा थांबण्याइतकी असते. काही भाग इंजिन घेतं, काही वारा घेतो, उरलेला ब्रेकच्या माथी. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचं. सुटणारा ब्रेक दोन वळणांच्या मध्ये श्वास घेतो. चिकटलेल्याला ती सवड नाही. तो चढावरही कामावर असतो.

आणि यात खरी मेख पुढे आहे. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ जातीचं नवंकोरं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १४० अंशांवर येते. चाक तापत राहिलं तर आतलं तेल उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं. थोडक्यात, सुटत नाही म्हणून ज्याला कोणी विचारलं नाही तो ब्रेक सरतेशेवटी लागतही नाही, आणि मग लोक हळहळायला मोकळे होतात.

या बाबतीत रेल्वे मला आवडते, कारण तिचा ब्रेकवर काडीचा विश्वास नाही. बोरघाटातून १८६३ साली गाड्या धावू लागल्या. कर्जत-लोणावळा चढ ३७ फुटांना एक फूट. घाट उतरणाऱ्या गाड्यांसाठी तिथे कॅच सायडिंग ठेवलेली असतात. गाडी ठरल्या जागी थांबून आपला ब्रेक लागतो हे आधी सिद्ध करते, मगच तिला सरळ मार्ग मिळतो. नाही थांबली तर रूळ तिला चढणीच्या आडवाटेला घालतात. आणि ब्रेक सुटतो का, याची चौकशी तर जागोजागी. स्टेशनातून गाडी न थांबता जाते तेव्हा हिरवं निशाण धरून उभा असलेला माणूस आपल्याला टाटा करायला उभा नसतो. चाकांकडे बघत असतो. कुठे धूर, कुठे तापलेला आस, कुठे 'ब्रेक बाइंडिंग'. चिकटलेल्या ब्रेकला रेल्वेत असं अधिकृत नाव आहे आणि त्यासाठी माणूस नेमलेला आहे.

रस्त्यावर ही जबाबदारी जनतेने उचललेली आहे, पण निवडक. स्कूटरचं स्टँड खाली राहिलं तर चार जण "स्टँड, स्टँड" ओरडत पाठलाग करतात. ओढणी चाकाशी आली तर अख्खा सिग्नल बोंबलतो. दिवसा दिवा चालू राहिला तर समोरून येणारा प्रत्येक माणूस पाच बोटं उघडमीट करून कळवतो. मोटारीच्या चाकातून धूर आला तर मात्र मागचा फक्त हॉर्न वाजवतो, कारण गाडी हळू चाललेली असते.

पुण्याला परत येईपर्यंत मेहुणे वाटेत थांबत, निववत, खालच्या गिअरमध्ये घाट चढत आले, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सल्लागार मंडळ भरलं. मी हजर होतो तो माझ्याकडे चांगला जॅक आहे एवढ्याच पात्रतेवर. अशा सभांमधलं एक निरीक्षण मी नोंदवून ठेवलं आहे: माणूस गाडीचं निदान स्वतःच्या शेवटच्या बिलावरून करतो. ज्याने नुकताच क्लच बदलला होता तो म्हणाला, क्लच. ज्याने टायर टाकले होते त्याने अलाइनमेंट सांगितली. चाकाचं बेअरिंग ज्याला महागात पडलं होतं त्याने खाली वाकून, डोळे मिटून, उभ्या गाडीच्या चाकाचा आवाज ऐकला आणि बेअरिंगच असल्याची खात्री दिली. (बेअरिंगवर संशय घेणं तसं गैर नाही, पण ते बिघडलं की वेगाबरोबर घुमतं, त्यासाठी गाडी चालू असावी लागते.) ज्याने वर्षानुवर्षं गाडीवर दमडी खर्च केली नाही त्याने "चालवत राहा, आपोआप सुटेल" असं सांगितलं. इलेक्ट्रिक गाडी घेतलेले एक गृहस्थ होते. त्यांनी निदान वगैरे काही केलं नाही. ते फक्त हसले. सेक्रेटरींना एकच माहिती हवी होती: तेल सांडणार असेल तर पेव्हर ब्लॉकवर काही अंथरणार का?

मिस्त्री आला तो स्कूटरवरून, बरोबर एक पोऱ्या आणि पोऱ्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. त्याने कोणाचंच ऐकून घेतलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"एकच चाक तापतंय का दोन्ही?"

सभा शांत झाली. हे कोणीच पाहिलं नव्हतं. धूर डावीकडे दिसला होता, एवढ्यावर सगळ्यांनी उजव्या चाकाला निर्दोष सोडलं होतं.

"एक चक्कर मारून या, साहेब. ब्रेक कमी मारा. आल्यावर हँडब्रेक लावू नका."

मेहुणे चक्कर मारून आले. सवयीने त्यांचा हात दांड्याकडे गेला, तो पोऱ्याने खिडकीतून हात घालून धरला. मग मिस्त्रीने तवा तापला का बघतात तसं बोटांनी दोन्ही मागच्या चाकांवर पाणी शिंपडलं. डावीकडे चर्रर्र झालं. उजवीकडे थेंब तसेच राहिले, पण थोड्या वेळाने वाफ सुटून उडाले. "डावा जास्त, उजवा थोडा," मिस्त्री म्हणाला. "म्हंजे दोन दुखणी हायेत. एक दोघांचं, एक डाव्याचं."

मला हे वाक्य फार आवडलं. पार्किंगमधल्या एकूण एक निदानांत दुखणं एकच होतं आणि ते सांगणाऱ्याच्या ओळखीचं होतं.

यानंतर त्याने जे केलं त्यात हुशारीपेक्षा क्रम जास्त होता. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, कारण मागची चाकं उचलायची आणि हँडब्रेकही सोडायचा, तर गाडीला धरून ठेवणारं कोणीच उरत नाही. जॅकने उचलून खाली घोड्या दिल्या. माझा जॅक त्याने उचलून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग हाताने चाक फिरवलं. डावं फिरेना. उजवं फिरलं, पण कुरकुरत. आता आत शिरून त्याने दांड्याखालचं कव्हर काढलं आणि हँडब्रेकच्या वायरीचं नट सैल केलं. उजवं चाक एकदम मोकळं झालं. डावं तसंच.

"दोघांचं दुखणं कळलं," तो म्हणाला. "वायर लय ताणल्याली हुती. कुणी टाइट केली?"

मेहुण्यांनी आकाशाकडे पाहिलं. गेल्या दिवाळीत हँडब्रेक धरत नाही म्हणून त्यांनी एका गॅरेजातून तो 'टाइट' करून आणला होता, पाच मिनिटांत, चहापाण्याच्या पैशात. हँडब्रेक सैल लागतो तो बहुतेक वेळा लायनर झिजल्यामुळे आणि आतल्या अ‍ॅडजस्टरने ती झीज भरून न काढल्यामुळे. आधी आतले शू सेट करायचे आणि वायरीला हात शेवटी लावायचा, हा शास्त्रार्थ. त्याला ड्रम उघडावा लागतो. वायर आवळायला फक्त एक पाना लागतो. म्हणून सगळे वायर आवळतात. शू मग कधीच पूर्ण मागे येत नाहीत, पट्टी अर्धवट ओढलेलीच राहते, आणि अनेक गाड्यांत तर ती पूर्ण मागे गेल्याशिवाय अ‍ॅडजस्टरही आपलं काम करत नाही. म्हणजे झीज वाढते, हँडब्रेक पुन्हा सैल, पुन्हा टाइट.

डाव्याचं राहिलं होतं. मिस्त्रीने चाकामागचं निपल एक आटा सैल केलं. तेलाचे दोन थेंब आले, चाक हललं नाही. इथे जर तेल पिचकारीने उडालं असतं आणि चाक सुटलं असतं, तर तेल आत कोंडलं होतं असं समजायचं. रबरी नळी बाहेरून टुमटुमीत दिसते आणि आतून सुजून बंद होते. पायाच्या जोराने तेल जाऊ देते, स्प्रिंगेच्या जोराने परत येऊ देत नाही. किंवा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाही, पण मग दुखणं सहसा एका चाकावर राहत नाही. नळी सुटली, मास्टर सिलिंडर सुटला. एका निपलने एवढे आरोपी मोकळे केले. बेअरिंगवाले गृहस्थ इथे जेवायला गेले.

ड्रम काढणं हा स्वतंत्र अध्याय आहे. चाक काढलं की ड्रम समोर येतो, पण बाहेर येत नाही. गंजाने तो हबला धरलेला असतो. इथे पार्किंगमध्ये नवा उत्साह संचारला, कारण हातोडा दिसला. हातोडा दिसला की प्रत्येक पुरुषाला आपण उपयोगी पडू शकतो असं वाटतं. मेहुण्यांनी दोन घाव घातले. तिसऱ्याला मिस्त्रीने हातोडा काढून घेतला आणि ड्रमच्या तोंडावरची दोन छोटी भोकं पोऱ्याकडून खरवडून घेतली. अनेक गाड्यांच्या ड्रमला अशी आटे पाडलेली दोन भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःच स्वतःला ढकलत बाहेर येतो. चिखल आणि गंज यांनी ती बुजलेली असतात, त्यामुळे लोक त्यांच्या शेजारीच घाव घालत बसतात. थोडं आवळणं, थोडा रस्टचा स्प्रे, आणि ड्रम सुटला. पोऱ्या आतली काळी धूळ फुंकणार तोच त्याच्या पाठीत धपाटा बसला. ती धूळ छातीत जायची नसते. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, नव्यांतली धूळही काही हळदीकुंकवाची नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

आत पाहिल्यावर सगळं उघड झालं. सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं, गळती नव्हती. पिस्टन दाबल्यावर आत जात होते. लायनर मात्र भाजून चकचकीत झालेलं, एका कडेला तडकलेलं. ड्रमवर निळसर डाग. आणि हँडब्रेकची पट्टी, वायर सैल करूनही, पुढेच अडकलेली. मिस्त्रीने पकडीने वायर ओढली. ती आली, पण परत गेली नाही. नळकांड्याचं रबर फाटलं होतं, दोन पावसाळ्यांचं पाणी आत गेलं होतं आणि पोलादी वायर गंजून आत घासत होती. मेहुण्यांचा हात तिला ओढू शकत होता, स्प्रिंग तिला परत आणू शकत नव्हती.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर वायर सोडाच, लायनरही ओल्या ड्रमला गंजाने चिकटतं. २०२०च्या टाळेबंदीत मार्चअखेरीला लोकांनी गाड्या हँडब्रेक ओढून उभ्या केल्या त्या कित्येकांनी जूनचा पाऊस अंगावर घेतल्यावरच पुन्हा सुरू करून पाहिल्या. मिस्त्री अजून त्या दिवसांची आठवण काढतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा आणि हँडब्रेकला सुट्टी द्यायची, हे त्याचं म्हणणं. आमच्या सोसायटीत दगड ठेवायला कमिटीची परवानगी लागते.

वायर आणायला मेहुणे आणि मी नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभं राहणं ही एक परीक्षाच असते. दुकानदार प्रश्न विचारतो आणि आपण नापास होत जातो. मॉडेल सांगितलं, साल सांगितलं. "कंपनी का मार्केट?" कंपनी. "डावी का उजवी?" मेहुणे म्हणाले, "दोन्हीकडे चालेल अशी द्या." दुकानदाराने त्यांच्याकडे बरंच पाहिलं आणि डावी दिली. शू मात्र दोन्ही चाकांचे घेतले, कारण एका बाजूला नवं आणि एका बाजूला जुनं लायनर ठेवलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते.

जोडणीच्या वेळी मिस्त्रीने उजवा ड्रम उघडला नाही. एक चाक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं खोलायचं नाही, विसरलं तर बघायला एक शाबूत असावं, हा त्याच्या उस्तादाचा नियम. पोऱ्याने मोबाइलवर फोटो काढले होते, पण ते सगळे बोटाचे निघाले. शू जिथे मागच्या पत्र्यावर टेकतात तिथे खाचा पडल्या होत्या. त्या कानशीने सपाट करून ग्रीसचा हलका हात, तोही उष्णतेत न वितळणाऱ्या ग्रीसचा, लायनरला न लागेल असा. मग शू सेट केले, चाक फिरताना किंचित खरखर ऐकू येईपर्यंत. जुनं तेल काढून नवं भरलं, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. वायरीचं नट सगळ्यात शेवटी. दांडा किती टक्क वर यावा ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं, तेवढाच. मेहुण्यांनी ते पुस्तक प्रथमच, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, बाहेर काढलं.

चाचणीची चक्कर झाली. पुन्हा दोन्ही चाकांवर पाणी शिंपडलं. दोन्हीकडे थेंब निवांत ओघळले. हाताने ढकलली तर गाडी पार्किंगमधून एकटी चालू लागली आणि सेक्रेटरींच्या गाडीच्या दिशेने निघाली, ती पोऱ्याने आडवं होऊन थांबवली. मिस्त्रीने शूच्या रिकाम्या खोक्यावर हिशोब लिहिला आणि जाताना बजावलं, "साहेब, ह्याला आता टाइट करायचं नसतंय. धरंना झाला तर मला फोन करा."

आठवडाभराने मेहुण्यांचाच फोन आला. आवाज चिंतेचा.

"दाजी, गाडी फार पळते हो. पाय काढला तरी थांबत नाही. पूर्वी कशी आपोआप हळू व्हायची, सिग्नलपर्यंत ब्रेक मारायलाच लागायचा नाही. नक्की ब्रेक कमी झालाय. उद्या जरा टाइट करून आणतो."

"मिस्त्रीला विचारलंत?"

"त्याच्याकडे नाही नेत. तो टाइट करत नाही."